नमनाला थेंबभरही तेल नाही : ‘प्रस्तावना वाढवा’ ही पाटी त्याच लेखावर पुन्हा का लागते?

लक्षण असं. विकिपीडियावर ‘प्रस्तावना फार त्रोटक’ अशी खूण केलेल्या लेखांच्या वर्गात, म्हणजे त्यांच्या यादीत, तुम्ही बसता, आठवडाभर खपून पंधरावीस लेख हातावेगळे करता, आणि महिन्याभराने पाहता तर आकडा होता तिथेच. त्यात दोनतीन लेख तर तुम्हीच सोडवलेले. ये रे माझ्या मागल्या.

ही साफसफाई मी बरीच केली आहे, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला घाण वाढवणाऱ्यांत मीही होतो. एका रात्री आकाराने लहान लेखांची यादी समोर घेतली आणि उत्साहाच्या भरात साठेक लेखांच्या डोक्यावर पाटी ठोकली. पुढे एकेक लेख उघडून वाचला तेव्हा कळलं की निम्म्याहून जास्त पाट्या चुकीच्या होत्या. त्या लावायला जेवढा वेळ लागला त्याच्या तिप्पट काढायला गेला. खाली जे लिहितोय ते त्या तिप्पट वेळात शिकलेलं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. लेखाच्या पहिल्या मथळ्याच्या वर जो मजकूर असतो ती प्रस्तावना. विकीच्या यंत्रणेच्या दृष्टीने तो विभाग क्रमांक शून्य. पाटी म्हणजे ‘इथे प्रस्तावना अपुरी आहे’ असं सांगणारा साचा, म्हणजे लेखात टाकायचा तयार मजकूर. इंग्रजी विकिपीडियावर त्याचं नाव ‘लीड टू शॉर्ट’, दुसऱ्या भाषांत वेगळं असेल. पाटी दोन कामं करते : वाचकाला वर एक चौकट दाखवते आणि लेखाला देखभालीच्या एका वर्गात टाकते. पहिल्या कामाचा उपयोग थोडाच. दुसरं काम खरं, कारण काम करणारी माणसं त्या वर्गातूनच लेख उचलतात. वर्गात भलते लेख भरले की ती माणसं दोनतीन लेख उघडतात, वैतागतात आणि फिरकेनाशी होतात.

प्रस्तावनेसाठी एवढा आटापिटा कशाला, असं विचारणारे भेटतात. मोबाइलवर लेख उघडा. पहिला परिच्छेद माहितीचौकटीच्याही (ठळक माहितीच्या तक्त्याच्या) वर येतो आणि खालचे विभाग बहुतेक वेळा मिटलेले असतात. दुव्यावर माउस नेला की जी छोटी खिडकी उघडते तिच्यातही प्रस्तावनेचाच सुरुवातीचा भाग असतो. म्हणजे बरेच वाचक तेवढंच वाचून निघून जातात. छापील कोशात नोंद सलग वाचली जायची, तिथे सुरुवातीला वेगळं महत्त्व नव्हतं. इथे सुरुवात एकटी फिरते, त्यामुळे तिला एकटीने उभं राहता आलं पाहिजे.

पाटीआधी : प्रस्तावना खरंच नाही, की दिसत नाही?

माझ्या साठ लेखांतला सगळ्यात मोठा ढीग या प्रकारातला निघाला. लेख उघडला तर वर माहितीचौकट, तिच्या शेजारी एक वाक्य किंवा तेही नाही, आणि लगेच खाली ‘ओळख’, ‘परिचय’, ‘प्रस्तावना’ असा मथळा. त्या मथळ्याखाली दोन झकास परिच्छेद. लिहिणाऱ्याने शाळेतल्या निबंधासारखं ‘प्रस्तावना’ असं शीर्षक देऊन व्यवस्थित लिहिलं आहे, पण त्या मथळ्यामुळेच विभाग शून्य रिकामा पडला. अशा लेखाला ‘प्रस्तावना वाढवा’ म्हणणं म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

उपाय दहा सेकंदांचा आहे. तो मथळा काढून टाका, मजकूर आपोआप वर जातो. जतन करण्याआधी झलक पाहा, कारण कधी कधी वरचं एकटं वाक्य आणि मथळ्याखालचं पहिलं वाक्य एकच असतं. दोन्ही ठेवली तर लेख तोतरा वाटतो. एक ठेवा, बहुधा खालचं.

याच्या उलटाही प्रकार असतो. छापील कोशाच्या धर्तीवर लिहिलेला लेख : सहासात परिच्छेद सलग, मधे एकही मथळा नाही. यंत्राला वाटतं, केवढी लांबलचक प्रस्तावना! अशा लेखाला प्रस्तावना नसतेच, नुसता देह असतो. तो आपल्या यादीत येतच नाही आणि म्हणून वर्षानुवर्षं सुटतो. इथे आधी मथळे पाडायचे, मग प्रस्तावना लिहायची. पाटी लावायचीच असेल तर रचना सुधारण्याची लावा.

तिसरा प्रकार सगळ्यांना माहीत आहे, तरी चूक होते. अख्खा लेखच तीन ओळींचा. एकाच ठशातून काढलेले शेकडो लेख असतात, गावांचे, खेळाडूंचे, लघुग्रहांचे : एक वाक्य, एक चौकट, एक संदर्भ. भाषांतराच्या साधनातून फक्त पहिला परिच्छेद उतरवून सोडून दिलेले लेखही यातच धरा. इथे प्रस्तावना कशाचा सारांश सांगणार? सारांश सांगायला खाली काही हवं ना. या लेखांना विस्ताराची पाटी लागते, प्रस्तावनेची नाही. दोन्ही पाट्या लावणारे महाभागही आहेत. त्यांनी एक काढावी.

बाइटचा चकवा

आकाराच्या यादीवरून लेख निवडणं सोपं आहे आणि देवनागरीत ते हमखास फसवतं. विकी पानाचा आकार बाइटमध्ये मोजतं. रोमन लिपीतलं एक अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन. ‘की’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर, पण यंत्राला क आणि वेलांटी अशी दोन चिन्हं, म्हणजे सहा बाइट. ‘क्षि’ तर क, हलन्त, ष आणि वेलांटी मिळून बारा. इंग्रजीत ९,००० बाइटचा लेख म्हणजे दीडेक हजार शब्दांचा ऐवज असू शकतो. मराठीत तेवढ्याच बाइटमध्ये तीन हजार चिन्हं बसतात, तीही स्वर, वेलांट्या आणि मोकळ्या जागा धरून. मोकळी जागा आणि विरामचिन्हं तेवढी एक बाइटची, पण त्याने फार फरक पडत नाही.

म्हणून इंग्रजीतले उंबरठे उचलून इथे लावू नका. इंग्रजी विकिपीडियाच्या शैलीपुस्तिकेत एकेकाळी तक्ता होता : १५,००० अक्षरांहून लहान लेखाला एक ते दोन परिच्छेद, ३०,००० पर्यंत दोन ते तीन, त्यापुढे तीन ते चार. तो तक्ता अक्षरांचा होता, बाइटचा नव्हे, पण पुष्कळांनी तो पानाच्या आकाराला लावला. आता तिथे आकडे सैल केले आहेत. चार परिच्छेदांच्या वर सहसा जाऊ नये, आणि निवडक (सर्वोत्तम ठरवलेल्या) लेखांच्या प्रस्तावना साधारण २५० ते ४०० शब्दांच्या असतात, एवढंच सांगितलं जातं. शब्दांचा आकडाही मराठीत जसाच्या तसा चालत नाही. आपले विभक्तिप्रत्यय आणि बरीचशी शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. जिथे इंग्रजीत चारपाच शब्द लागतात तिथे आपलं ‘घराबाहेरच्यांसाठी’ एका शब्दात उरकतं. मराठीतली दोनशे शब्दांची प्रस्तावना त्या मानाने भरघोस असते.

मग मोजायचं कसं? मी डोळ्यांनी मोजतो. खाली खराखुरा मजकूर असलेले चार किंवा जास्त विभाग आहेत आणि वर दोन वाक्यांहून कमी, तर पाटीला पात्र. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे. ‘खराखुरा मजकूर’ हे शब्द महत्त्वाचे, कारण ‘हे सुद्धा पाहा’, ‘बाह्य दुवे’, ‘संदर्भ’ हे तीन मथळे धरून चार करणारे असतात.

यादी मोठी असेल आणि यंत्राकडूनच मोजून घ्यायचं असेल तर पानाच्या आकाराऐवजी फक्त प्रस्तावनेचा साधा मजकूर मागवा. विकीच्या एपीआयमध्ये (प्रोग्रामने माहिती मागवण्याच्या दारात) त्यासाठी सोय आहे. मजकुराचा उतारा मागायचा आणि ‘फक्त सुरुवात’ व ‘साधा मजकूर’ हे दोन पर्याय चालू करायचे. एका खेपेला जास्तीत जास्त २० लेखांची सुरुवात मिळते. त्यात माहितीचौकट, तळटिपा, ‘हा लेख अमुक विषयी आहे’ छापाच्या वरच्या सूचना यांचा बहुतेक कचरा गळून जातो. नुसतं विकिटेक्स्ट (संपादनाच्या खिडकीतला कच्चा मजकूर) मोजलं तर चाळीस ओळींची माहितीचौकटच प्रस्तावना समजली जाते आणि नेमके गरजू लेख यादीतून निसटतात. रिकामा उतारा आला तर बहुधा वर सांगितलेला ‘ओळख’वाला मथळा असतो. तो ढीग बाजूला काढा आणि आधी तो उरका. कामाचं चीज सगळ्यात लवकर तिथे होतं.

आणखी दोन जाती गाळायच्या : निःसंदिग्धीकरणाची पानं (एकाच नावाच्या अनेक लेखांकडे वाट दाखवणारी) आणि याद्या. पहिल्या जातीला प्रस्तावना लागतच नाही. याद्यांना लागते, पण तिचं काम वेगळं असतं. यादीत कोण बसतं आणि कोण नाही, हे सांगितलं की पुष्कळ झालं.

पाटी लावली, पण लेख वर्गात येत नाही

हा भाग तांत्रिक आहे. ज्यांना साच्यांशी देणंघेणं नाही त्यांनी पुढच्या मथळ्यावर उडी मारावी.

सर्वात आधी बघा की तुम्ही धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) किंवा सदस्य उपपानावर चाचणी करत नाही ना. देखभालीच्या बहुतेक साच्यांत नामविश्वाची (पान लेखाचं, सदस्याचं की साच्याचं याची) तपासणी असते, त्यामुळे लेखांच्या नामविश्वाबाहेर चौकट दिसते पण वर्ग लागत नाही. हा दोष नाही, मुद्दाम तसं केलेलं असतं.

दुसरं : वर्ग लागलेला असतो, तुम्हाला दिसत नसतो. देखभालीचे वर्ग सहसा लपवलेले असतात. ‘माझ्या पसंती’त दिसण्यासंबंधीच्या भागात लपवलेले वर्ग दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. नावाखाली लाल दुवा दिसला म्हणून घाबरू नका. वर्गाचं पान तयार नसलं तरी लेख त्यात जमा होतच असतात. लाल दुव्यावर टिचकी मारली की ते दिसतात.

तिसरं कारण साच्यातच असतं. नवा साचा बनवताना वर्गाची ओळ चुकून ‘नोइन्क्लूड’ या खुणेच्या आत गेली तर वर्गात फक्त साच्याचं पान जातं, साचा वापरणारे लेख जात नाहीत. वर्गात एकच पान आणि ते साच्याचं, असं दिसलं तर निदान झालं म्हणून समजा. ओळ ‘इन्क्लूडओन्ली’च्या आत हलवा.

हे दुरुस्त केल्यावरही लेख लगेच वर्गात येत नाहीत. साचा बदलला की त्याचा वापर करणारी पानं कामांच्या रांगेत उभी राहतात आणि एकेक करून ताजी होतात. मोठ्या रांगेत वेळ लागतो. घाई असेल तर लेख संपादनासाठी उघडा आणि काहीही न बदलता प्रकाशित करा. याला शून्य संपादन म्हणतात. इतिहासात त्याची नोंद होत नाही, पण वर्गांची नोंद ताजी होते. पुष्कळ जण यासाठी पान ‘पर्ज’ करतात आणि काही घडलं नाही म्हणून वैतागतात. साध्या पर्जने पानाची दिसणारी प्रत नवी होते, वर्गांचा तक्ता तसाच राहतो. पाटी काढूनही लेख वर्गात रेंगाळत असेल तर तिथेही शून्य संपादन करून बघा. तरीही हलला नाही तर तीच पाटी दुसऱ्या एखाद्या गठ्ठा-साच्याच्या पोटात दडलेली असते. दोनतीन तक्रारी एकत्र बांधणारा साचा असतो ना, त्यात.

चौथं, तारखेचं. इंग्रजी विकिपीडियावरून साचा उचलून आणला की त्याच्यासोबत महिनावार वर्गांची रचनाही येते. तिथे तारीख टाकायला सांगकाम्या (आपोआप संपादनं करणारा प्रोग्राम) असतो. इथे तो नसेल तर कुणी ‘मार्च २०२४’ लिहितं, कुणी इंग्रजी अंकांत वर्ष लिहितं, कुणी इंग्रजी महिना तसाच ठेवतं, आणि एकाच महिन्याचे तीन वर्ग तयार होतात. महिना आणि वर्ष हाताने लिहूच नका. चालू महिना आणि वर्ष देणारे जादुई शब्द ‘सब्स्ट’ लावून वापरा, म्हणजे जतन होताना त्या दिवसाची तारीख मजकूर म्हणून पक्की होते. ‘सब्स्ट’ विसरलात तर लेख दर महिन्याला नव्या वर्गात उडी मारेल. हे मी एकदा केलं आहे. ज्येष्ठ पाटी कधीच म्हातारी होत नव्हती.

जागेबद्दल एकच वाक्य : पाटी सगळ्यात वर, फक्त ‘हा लेख अमुक विषयी आहे’ ही सूचना असेल तर तिच्या खाली आणि माहितीचौकटीच्या वर.

कारण लिहा, नाहीतर पाटी लावू नका

बहुतेक पाट्या परत येण्याचं कारण तंत्रात नसतं, मुकेपणात असतं. पाटी म्हणते ‘प्रस्तावना अपुरी’. कशात अपुरी, हे सांगत नाही. पुढचा माणूस येतो, दोन वाक्यांची चार करतो, पाटी काढतो. ती चार वाक्यं चरित्रनायकाच्या जन्मगावाबद्दल असतात. ज्याने पाटी लावली होती त्याला हवं होतं ते संशोधनाबद्दल. तो परत पाटी लावतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि चर्चापान कोरं.

साच्यात कारण लिहायची जागा असते. ती रिकामी ठेवू नका. ‘लेखात शोध, कार्यपद्धती, दुष्परिणाम आणि प्रतिरोध असे चार विभाग आहेत, प्रस्तावनेत यातल्या एकाचाही उल्लेख नाही’ एवढं पुरतं. साच्यात जागा नसेल तर चर्चापानावर लिहा आणि संपादन सारांशात (बदल जतन करताना लिहायच्या टिपणीत) तसं सांगा.

गंमत अशी की हे कारण लिहिता लिहिता तुम्ही लेख वाचलेला असतो. चार विभागांची नावं लिहिली म्हणजे चार वाक्यांचा सांगाडा तयार झालाच. माझ्या अनेक पाट्या याच टप्प्यावर मोडीत निघाल्या, कारण पाटी लावण्यापेक्षा वाक्यं लिहिणं सोपं झालं होतं. विषय अगदीच डोक्यावरून जाणारा असेल तेव्हा पाटी, एरवी वाक्यं. घाऊक पाट्या लावणाऱ्या मित्रांना हे पटत नाही. ते म्हणतात, आम्ही दाखवतो, दुसरे दुरुस्त करतील. मोठ्या विकीवर हे चालत असेल. लहान विकीवर दुसरे म्हणजे आपणच.

वाढवायची ती अशी

समजा पेनिसिलिनवर लेख आहे. खाली शोधाचा इतिहास, रसायन, औषध कसं काम करतं, दुष्परिणाम, प्रतिरोध असे विभाग भरलेले आहेत. वर मात्र इतकंच : ‘पेनिसिलिन हे एक प्रतिजैविक आहे.’ वाक्य खरं आहे, पण शब्दकोशातलं आहे.

खालून वर या. एकेक विभाग वाचायचा, आणि पुस्तक बंद करून कुणाला सांगितल्यासारखं त्याचं एक वाक्य करायचं. महत्त्वाच्या विभागाला दोन. मग क्रम लावायचा. असं काहीसं होईल :

‘पेनिसिलिन हा पेनिसिलियम प्रजातीच्या बुरशींपासून मिळणाऱ्या प्रतिजैविकांचा एक गट आहे. जिवाणूंच्या पेशीभित्तिकेची बांधणी रोखून ही औषधे जिवाणूंचा नाश करतात. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये या द्रव्याचा शोध लागला. मात्र ते शुद्ध करून रुग्णांवर वापरण्याजोगे औषध घडवण्याचे काम ऑक्सफर्ड विद्यापीठात हॉवर्ड फ्लोरी, एर्न्स्ट चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या सुमारास केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. १९४५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना विभागून देण्यात आले. काही जिवाणू बीटा-लॅक्टमेज हे विकर तयार करून पेनिसिलिन निष्प्रभ करतात, त्यामुळे अनेक संसर्गांवर ते आता पूर्वीसारखे उपयोगी पडत नाही. काही रुग्णांना या औषधाची ॲलर्जी असते.’

आठ वाक्यं. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने रेणूची रचना उलगडली, हे मी घेतलं नाही. रसायनाचा विभाग मोठा असेल तर घ्यायला हवं होतं. फ्लेमिंग यांच्या बशीवर बुरशी कशी उगवली ही गोष्टही गाळली, कारण गोष्ट एकदा शिरली की निम्मी प्रस्तावना खाते. वाचकाला ती आवडते, मान्य. खाली इतिहासात तिला ऐसपैस जागा आहे.

वर एकही नवी गोष्ट नाही, हे पाहून घ्या. ज्या लेखात खाली ॲलर्जीचा शब्द नाही त्याच्या प्रस्तावनेत शेवटचं वाक्य येऊ नये. हवंसं वाटलं तर आधी खाली संदर्भासह लिहा, मग वर आणा. इथेच एक सापळा आहे. पाटी पाहून लोक घाईने इंग्रजी लेखाची प्रस्तावना भाषांतरित करून डकवतात. इंग्रजी लेखाचा देह वेगळा, आपला वेगळा, त्यामुळे धड एकाचं आणि डोकं दुसऱ्याचं अशी अवस्था होते. शिवाय भाषांतराचा उल्लेख संपादन सारांशात केलेला नसतो, तो परवान्याच्या दृष्टीने आवश्यक असतो. दुसरे काही जण आजची बातमी आणून वर टाकतात. महिन्याभराने कुणीतरी शहाणा ती खाली योग्य विभागात हलवतो, प्रस्तावना परत दोन वाक्यांवर येते, आणि परत पाटी.

संदर्भांबद्दल नेहमी वाद होतो. खाली संदर्भ दिलेली साधी, निर्विवाद विधानं वर संदर्भाशिवाय चालतात. अवतरण, वादग्रस्त विधान किंवा हयात व्यक्तीबद्दलचं नाजूक विधान असेल तर वरही संदर्भ द्या, कंटाळा करू नका.

आणि ‘नमनाला घडाभर तेल’ हाही दोषच आहे. वाढवा म्हटलं म्हणून पाच परिच्छेद लिहिणारे आहेत. मग ‘प्रस्तावना फार लांब’ अशी दुसरी पाटी येते, जी पहिलीपेक्षा काढायला अवघड, कारण आता कुणाचं तरी लिहिलेलं कापावं लागतं.

सोडवलेला लेख परत आला

आधी इतिहास पाहा. पाटी लागली त्या दिवशीची आवृत्ती आणि आजची आवृत्ती शेजारी ठेवा. तीन शक्यता असतात.

पहिली : प्रस्तावना कधीच वाढली होती, पाटी काढायची राहिली. कुणीही काढू शकतं, ज्याने वाढवली त्यानेसुद्धा. प्रचालकाची (विशेष अधिकार असलेल्या सदस्याची) वाट पाहत बसलेले सदस्य मी पाहिले आहेत, त्याची काही गरज नसते. सारांशात ‘प्रस्तावना वाढवली, पाटी काढली’ असं लिहिलं की झालं. जुन्या पाट्यांत या प्रकाराची संख्या मोठी असते, म्हणून सर्वात जुन्या तारखेच्या वर्गापासून सुरुवात केली की आकडा झपाट्याने खाली येतो. पेटस्कॅन या लेख शोधण्याच्या साधनात वर्ग आणि किमान आकार अशी गाळणी लावलीत तर हे लेख आणखी लवकर सापडतात.

दुसरी : पाटी काढली, मजकूर मात्र तसाच. सारांशात ‘साफसफाई’ किंवा काहीच नाही. परत लावा, पण या वेळी कारणासकट, आणि काढणाऱ्याला चर्चापानावर साद घाला. कारण दिलेली पाटी उगाच काढायला माणूस कचरतो.

तिसरी शक्यता सर्वात रास्त आणि सर्वात चिवट : लेख वाढला. तुम्ही प्रस्तावना लिहिलीत तेव्हा खाली तीन विभाग होते, आता आठ आहेत. यात कुणाची चूक नाही. पण लोक खालीच का लिहितात आणि वर का नाही, याचं एक अगदी साधं कारण बराच काळ माझ्या लक्षात आलं नव्हतं. संगणकावर प्रत्येक मथळ्याशेजारी ‘संपादन’चा दुवा असतो. प्रस्तावनेला मथळाच नाही, त्यामुळे तिच्याशेजारी दुवाही नाही. तिला हात लावायचा तर अख्खं पान उघडावं लागतं, माहितीचौकटीचं जंगल ओलांडून खाली यावं लागतं. नवा सदस्य तिथून परत फिरतो. काही विकींवर पसंतींमध्ये एक उपकरण असतं, ते चालू केलं की प्रस्तावनेलाही स्वतंत्र दुवा मिळतो. ते नसेल तर कुठल्याही विभागाचा संपादन दुवा उघडा आणि पत्त्यातला विभागाचा क्रमांक बदलून शून्य करा. फक्त प्रस्तावना संपादनाच्या खिडकीत येते. नव्या सदस्यांना मी पहिल्याच दिवशी हे दाखवतो. विभाग भरल्यावर वर जाऊन एक वाक्य जोडायला मग ते कुरकुरत नाहीत.

मी स्वतः एक सवय लावून घेतली. ज्या लेखांची प्रस्तावना लिहिली ते निरीक्षणसूचीत (बदल कळवणाऱ्या यादीत) ठेवतो आणि बदलांमध्ये फक्त नवा मथळा आला आहे का एवढंच बघतो. आला असेल तर विभाग वाचायचा, वर वाक्य टाकायचं. बाकीचे बदल दुसरे पाहतात. सूची अडीचशे लेखांच्या वर गेली तेव्हा जुने, शांत झालेले लेख काढून टाकले, नाहीतर हेही ओझं होतं.

गेल्या खेपेला वर्ग उघडला तेव्हा पहिल्या पानावरचे तीन लेख ‘ओळख’ मथळ्याचे निघाले. तीन मथळे काढले, तीन पाट्या काढल्या, आणि चौथ्यावर अडकलो. ग्रहणांवरचा लेख, खाली अकरा विभाग, वर एक वाक्य. कारण लिहायला घेतलंय.